हात वर न करता चालणारी सभा

इंग्लंडात १६७० साली एक कायदा झाला. सरकारमान्य चर्चची रीत सोडून वेगळ्या पद्धतीने प्रार्थना करायला घरच्या माणसांशिवाय पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमली, तर जमणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या खेपेला पाच शिलिंग दंड, पुढच्या खेपेला दहा. उपदेश करणाऱ्याला वीस पौंड. जागा देणाऱ्यालाही वीस पौंड. वसूल झालेल्या दंडातला तिसरा हिस्सा खबऱ्याला. गरिबाला दंड झेपला नाही, तर तो तिथे हजर असलेल्या एखाद्या ऐपतदार माणसाकडून वसूल करायची सोयही कायद्यात होती. उत्तरेकडच्या शेतमजुराला त्या काळी दिवसाकाठी एक शिलिंगही सुटत नसे.

हा कायदा लागू असतानाच उत्तर इंग्लंडातल्या सेडबर्ग गावाजवळच्या ब्रिगफ्लॅट्स नावाच्या छोट्या वस्तीत, पुरोहित न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि लिनन विणणाऱ्या विणकरांनी एक दगडी सभाघर बांधलं. दारावर साल कोरलं: १६७५. अशा सभांना मोकळीक देणारा कायदा व्हायला अजून चौदा वर्षं होती. म्हणजे ज्या जागेत नुसतं बसणं हाच गुन्हा, ती जागा त्यांनी उघड्यावर, रस्त्यालगत, साल कोरून बांधली. पैसे कोणाच्या नावावर जमले असतील, दगड कोणी वाहिले असतील, जागेचा कागद कोणी केला असेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. माझी सगळी नोकरी कागदांत गेली, त्यामुळे असेल.

मी पलूस तालुक्यातला. विकास सोसायटीत सचिव म्हणून काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो. कर्जवाटप, वसुली, ऑडिट आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही. त्यातलं प्रोसिडिंग मला सगळ्यात जवळचं. लेक आणि जावई लँकेस्टरला असतात. उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात, निवृत्त शिक्षिका. त्या क्वेकर. सचिव म्हणजे काय काम असतं, हे लेकीने त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोन ठिकाणी न्यायचं कबूल केलं. एक ब्रिगफ्लॅट्स, आणि दुसरी त्यांच्या स्वतःच्या सभेची कामकाजाची बैठक. दुसरी जास्त महत्त्वाची, असं त्यांनीच बजावलं होतं.

ब्रिगफ्लॅट्सची गोष्ट १६५२ पासून सुरू होते. या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरमधल्या विणकराचा मुलगा, चांभाराकडे उमेदवारी केलेला. वय अठ्ठावीसच्या आत. माणूस आणि देव यांच्यामध्ये पुरोहिताची गरज नाही, प्रत्येकाच्या आत उजेड आहे, तो बाईतही आहे आणि मजुरातही आहे, असं सांगत तो गावोगाव फिरत होता. त्या वर्षी जूनच्या सुमाराला तो ब्रिगफ्लॅट्सला रिचर्ड रॉबिन्सन नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरला. सेडबर्गला तेव्हा गडी-मोलकरणी ठरवायची जत्रा भरली होती. तिथल्या चर्चच्या आवारात, झाडाखाली उभा राहून तो बोलला. पुढच्या रविवारी, १३ जूनला, जवळच्या फरबँक फेल नावाच्या माळावर हजारावर माणसं जमली. तिथे छोटं चर्च होतं, पण तो आत गेला नाही. बाहेरच्या खडकावर उभा राहून तीन तास बोलला. ही जमीनही चर्चइतकीच पवित्र आहे, असं त्याचं म्हणणं होतं. जमलेल्यांत बरेच लोक आधीपासूनच चर्चपासून दूर होऊन आपापले गट करून बसणारे होते. त्यांतले पुष्कळ जण त्याच्या बाजूला आले. तो खडक अजून आहे.

त्या गर्दीत फ्रान्सिस हाउगिल नावाचा एक जण होता. पुढे तो या पंथाचा मोठा प्रचारक झाला. १६६४ मध्ये न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्याला जन्मठेप झाली आणि १६६९ मध्ये ॲपलबीच्या तुरुंगातच तो वारला. शपथेचं कारण वरवर क्षुल्लक वाटेल. या लोकांचं म्हणणं असं, की आम्ही एरवीही खरंच बोलतो. मग न्यायालयात वेगळी शपथ कशाला? एकदा शपथ घेतली, की एरवीच्या बोलण्यात खोटं चालतं असं कबूल केल्यासारखं होतं. या एका मुद्द्यावर शेकडो माणसांची घरंदारं जप्त झाली. शेवटी १६९६ मध्ये पार्लमेंटने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मुभा दिली. आपल्याकडे आमदार-खासदारांना ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय असतात. त्यातल्या दुसऱ्या पर्यायाचं मूळ शोधत गेलं, तर वाट या तुरुंगांपर्यंत जाते. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आणि कळल्यावर हाउगिलचं नाव डोक्यातून जाईना.

आता घराविषयी. बाहेरून बघितलं तर ऐसपैस शेतकऱ्याचं घर वाटेल. पांढऱ्या भिंती, दगडी चौकटीच्या खिडक्या, पुढे देवडी, समोर फुलांची बाग. ना शिखर, ना घंटा, ना क्रूस. आत वेदी नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. लाकडी बाकं आहेत आणि वर लाकडी सज्जा आहे. तो नंतर माणसं वाढली तेव्हा केलेला. जिन्याच्या पायथ्याशी लाकडी कठडा घालून एक कोंडी केलेली आहे. मेंढपाळ आपली कुत्री घेऊन सभेला यायचे, ती तिथे ठेवायची. आटपाडी, जत, माण, खटावकडच्या कुठल्याही धनगराला या कोंडीचं कारण सांगावं लागणार नाही. मला ती सगळ्यात आवडली. बांधणाऱ्यांनी आधी विचारलं असणार: येणार कोण? मेंढरं राखणारे. मग त्यांच्याबरोबर काय येणार? कुत्री. मग त्यांची सोय काय?

सभा म्हणजे शांत बसणं. तासभर. भजन नाही, वाचन नाही, पुढे उभा राहणारा कोणी नाही. कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. बाईही बोलू शकते, आणि हे पहिल्या दिवसापासून. मार्गारेट फेल या बाईने १६६६ मध्ये, लँकेस्टरच्या किल्ल्यात कैद असताना, बायकांना धर्मसभेत बोलायचा अधिकार का आहे यावर पुस्तिका लिहिली होती. तासाभराने दोन माणसं हस्तांदोलन करतात आणि सभा संपते. आम्ही बसलो त्या रविवारी कोणीच बोललं नाही. आमच्या सौ. रोज पहाटे हरिपाठ म्हणणाऱ्या. त्यांना इतकी शांतता जड जाईल असं मला वाटलं होतं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “जप मनातल्या मनात झाला की हो सगळा.”

कामकाजाची बैठक मात्र ब्रिगफ्लॅट्सला नव्हे, शेजारणीच्या सभेत पाहिली. बाहेरच्या माणसाने बसायचं तर आधी विचारावं लागतं. तशी परवानगी त्यांनी काढली होती.

आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभा कशी चालते, ते सांगायला नको. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिव वाचायला लागतो, मागून आवाज येतो, “मंजूर, मंजूर!” अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर. जिथे खरा वाद असतो तिथे आरडाओरडा होतो. कधी हात वर करून मतं मोजतात, कधी गोंधळातच विषय संपतो. आणि ठराव लिहिला जातो नंतर, कार्यालयात बसून, सूचक-अनुमोदकाचं नाव घालून, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. सहकार खात्याचा नमुनाच तसा असतो. मीही वर्षानुवर्षं तसंच लिहिलं आणि तालुक्यातले सगळे सचिव तसंच लिहितात.

तिथे टेबलाशी क्लार्क बसलेले होते. हा पगारी नोकर नसतो. सभासदांतलाच एक काही वर्षांसाठी नेमलेला असतो. अध्यक्ष असा वेगळा कोणी नाही. सुरुवातीला शांतता. मग पहिला विषय: हॉल गरम ठेवणारा जुना बॉयलर बदलायचा की दुरुस्त करायचा. एक जण बोलला. थोडा वेळ सगळे गप्प. मग दुसरी बोलली. पुन्हा गप्प. कोणी कोणाचं वाक्य तोडलं नाही, आणि एकदा बोललेला माणूस त्याच मुद्द्यावर पुन्हा उठला नाही. ज्यांना नवा बॉयलर हवा होता ते जास्त होते, हे मला मोजता येत होतं. पण मोजायचंच नव्हतं. क्वेकर मतदान घेत नाहीत. ही साडेतीनशे वर्षांपासूनची रीत. क्लार्कने ऐकायचं, सभेचा कल कुठे चाललाय ते ओळखायचं आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, ठराव लिहायचा. लिहीत असताना बाकीचे शांत बसतात. मग तो वाचून दाखवायचा. कोणाला एखादा शब्द खटकला तर तो सांगतो, क्लार्क बदलतो, पुन्हा वाचतो. पटलं की सभासद म्हणतात, “होप सो.” ठराव झाला. सभा उठायच्या आधी कागद पूर्ण.

बॉयलरचा ठराव काही झाला नाही. एका वयस्कर माणसाला खर्चाविषयी शंका होती. तो एकटाच होता. तरी क्लार्कने लिहिलं, की आज आपण एकमताला आलेलो नाही, विषय पुढच्या बैठकीत घ्यावा. तेही वाचून दाखवलं. तेही मान्य झालं. जाताना त्या माणसाने क्लार्कच्या हातात दुरुस्तीवाल्याचा अंदाजपत्रकाचा कागद दिला.

मी शेजारणीला विचारलं, “यात फार वेळ जात नाही का?” त्या म्हणाल्या, जातो. गुलामगिरीच्या प्रश्नावर क्वेकरांनाच आपापसात एकमत व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. ते त्यांनी अभिमानाने सांगितलं नाही. त्या शंभर वर्षांत गुलाम ठेवणारे क्वेकरही होते, हेही सांगितलं. पण एकदा मत ठरलं, तेव्हा १७८३ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटकडे पहिला मोठा अर्ज गेला तो क्वेकरांचा. १७८७ मध्ये लंडनला त्यासाठी जी समिती झाली, तिच्या बारा जणांतले नऊ क्वेकर होते.

लिहून ठेवण्याची सवय त्यांना तुरुंगाच्या काळातच लागली. ब्रिगफ्लॅट्सची बांधणी चालली होती, त्याच सुमाराला लंडनमध्ये त्यांनी एक मध्यवर्ती सभा नेमली. काम एकच: कुठल्या गावात कोणाला काय सोसावं लागलं त्याची नोंद ठेवायची आणि सरकारकडे दाद मागायची. चर्चला द्यायचा दशांश ते देत नसत, कारण ज्याचं पौरोहित्य मान्य नाही त्याला पोसायचं कशाला. मग वसुलीला माणसं यायची आणि गवत, मेंढ्या, भांडी उचलून न्यायची. गावचा क्लार्क लिहायचा: मागणी किती होती, नेलं काय, त्याची किंमत किती. मागणीपेक्षा जास्त किमतीचं नेलं असेल तर तेही. अशा नोंदी गावाकडून जिल्ह्याच्या सभेला, तिथून लंडनला जात. १७५३ मध्ये त्यातून निवडलेल्या नोंदींचे दोन जाडजूड खंड छापले गेले. वसुलीची बाजू मी आयुष्यभर कागदावर पाहिली. ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याच्या बाजूने ठेवलेलं वहीखातं पहिल्यांदाच पाहायला मिळालं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट अडत होती, ती लिहायलाच हवी. मी कुंडलच्या शेजारचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, तुफान सेना, शेणोलीजवळ अडवलेली गाडी, हे ऐकत आमची पिढी वाढली. हातात शस्त्र घेतलेल्या माणसांमुळे आमच्या भागातून इंग्रजांचा अंमल उठला, ही आमची श्रद्धा आहे आणि ती माझी अजूनही आहे. आणि हे क्वेकर म्हणजे कुठल्याही कारणासाठी शस्त्र न धरणारे. १६६१ च्या जानेवारीत त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला तसं लिहून दिलं होतं. दोन्ही महायुद्धांत त्यांतल्या अनेकांनी बंदूक नाकारून तुरुंग पत्करला, अनेक जण रुग्णवाहिका चालवायला गेले. १९४७ चं शांततेचं नोबेल त्यांच्या इंग्लंड आणि अमेरिकेतल्या सेवासंस्थांना मिळालं.

मीठ सत्याग्रहाच्या आधी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला जे पत्र लिहिलं, ते दिल्लीला घेऊन गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्स, साबरमतीला राहणारा एक तरुण इंग्रज क्वेकर. इंग्रजांच्या सरकारला दिलेली नोटीस इंग्रजाच्याच हातून. त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या शिराळ्याकडे बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. बायाबापड्यांनी झेंडा राखला, गोळीबार झाला. बिळाशीच्या लोकांना रेनॉल्ड्स माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण ते ज्या हाकेला उठले, तिच्या आधीचा कागद त्याने पोचवला होता. कुंडलचा मार्ग मी टाकून देणार नाही. रेनॉल्ड्सविषयीही मला मनापासून आदर वाटतो. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात, आणि त्यांतली एक निवडावी असं मला वाटत नाही.

लग्नाच्या बाबतीत तर ते अगदी आपले वाटले. क्वेकरांच्या लग्नाला पुरोहित नसतो. नवरा-नवरी सभेत उभं राहून आपल्या तोंडाने वचन देतात, आणि हजर असलेला प्रत्येक जण, लहान पोरंसुद्धा, दाखल्यावर सही करतो. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडातली लग्नं चर्चमध्येच लावायची सक्ती झाली, तेव्हा यहुदी आणि क्वेकर एवढ्यांना त्यातून सूट मिळाली. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो सप्टेंबर १८७३ मध्ये, आणि त्याच डिसेंबरात पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लागलं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सत्यशोधक विचार सातारा जिल्ह्यात खोल रुजला. आमच्या भावकीतही तशी लग्नं झाली. वधू-वरांनी एकमेकांना दिलेली वचनं मोठ्याने म्हणायची आणि लोकांनी ऐकायची. हजारो मैलांवरची दोन माणसं एकमेकांना न भेटता इतकी सारखी गोष्ट करतात, याचा मला आनंद होतो.

लग्नाच्याच बाबतीत त्यांनी स्वतःचं मोठं नुकसानही करून घेतलं. पंथाबाहेर लग्न केलं की सभासदत्व रद्द. हा नियम १८६० च्या सुमारापर्यंत होता. दऱ्याखोऱ्यांतल्या शेतकरी पोराला जवळपास क्वेकर मुलगी मिळणार कुठून? नियम मोडला की बाहेर. आधीच कितीतरी कुटुंबं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे गेलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून सुमारे चौदा हजार उरले. दंड आणि तुरुंग यांनी जे झालं नव्हतं ते या नियमाने केलं, असं माझं मत आहे. आज जगातले सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं.

ब्रिगफ्लॅट्सला थडगी बघितली. सगळी ठेंगणी, सारखी, नाव आणि सालाशिवाय काही नाही. पूर्वी तेवढंही नसे. साधा, एकसारखा दगड चालेल असं ठरलं ते १८५० मध्ये. त्याआधीची माणसं गवताखाली आहेत. ज्यांनी १६७५ मध्ये दगड वाहिले तीही त्यांतच असणार.

गावी परत आलो तेव्हा सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागली होती. मी आता साधा सभासद. चेअरमन माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांना भेटून म्हटलं, “आबा, एकच विनंती आहे. निदान एका विषयाचा ठराव सभेतच लिहा आणि उठायच्या आधी वाचून दाखवा.” ते म्हणाले, “काका, माणसं थांबतील का?” म्हटलं, बघूया.

खत गोदामाचे पत्रे बदलायचा विषय घेतला. सचिवाने तिथेच लिहिलं, माइकवर वाचलं. बरीच मंडळी चहाकडे निघालेली होती, ती दाराशी थांबली. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, की पत्र्याचा दर यात कुठे आहे? तो नव्हता. तीन दरपत्रकं मागवून सर्वांत कमी दराचं घ्यावं, आणि ती दरपत्रकं नोटीस बोर्डावर लावावीत, एवढं वाक्य मावशींच्या सांगण्यावरून वाढवलं. सचिवाने पूर्ण ठराव पुन्हा वाचला. मग चेअरमननी सही केली, तारीख घातली आणि पुढचा विषय घेतला.